आधी कोण, मग काय



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७, आणि त्यावरचं ज्ञानोबारायांचं निरूपण. शब्द एकच घेऊ : शौच.

शौच म्हटलं की आपल्याला फक्त बाथरूम आठवतं, हे त्या शब्दाचं दुर्दैव. मूळ अर्थ शुद्धता, निर्मळपणा. भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगायला बसले आणि त्यांत त्यांनी हा शब्द घेतला. म्हणजे झाडू, फडकं, बादली हा विषय अध्यात्माच्या बाहेरचा नाहीच. हे आज मुद्दाम सांगतोय, कारण होळी झाली की पाडव्यापर्यंत हाताशी उरतात पंधरा दिवस, आणि या पंधरा दिवसांत आपल्या घराघरांत जे चालतं त्याला साधना म्हणायचं की छळ, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आमच्या गोराईत तर ते रस्त्यावरून चालतानाच दिसतं. इथली म्हाडाची वसाहत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेतून उभी राहिली. छोटे छोटे प्लॉट, त्यावर लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे बांधलेली घरं, मग कुणी वर एक मजला चढवलेला. घर छोटं आणि माणसं जास्त, त्यामुळे सामान नेहमीच वर गेलेलं असतं. माळ्यावर. फाल्गुन संपत आला की हे सगळं खाली उतरतं. ग्रिलवर गोधड्या, दारात गाद्या, गल्लीत भंगारवाल्याच्या फेऱ्या, आणि प्रत्येक तिसऱ्या घरात भांडण.

त्यातल्याच एका घरातली मुलगी परवा भजनानंतर थांबली. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. अंधेरीला नोकरी, सकाळी आठच्या आत घर सोडते, रात्री नऊला परत. म्हणाली, "दादा, एक विचारू? आई रात्री एक वाजता स्टुलावर चढून पंखे पुसते. तिचे गुडघे गेलेत. मी झोपले तर तिला राग येतो, उठले तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे मिटतात. भावाची बारावी चालू आहे, त्यामुळे त्याला कुणी हात लावायचा नाही. बाबा म्हणतात, मी मध्ये पडत नाही. पंधरा दिवस माझं वाचन नाही, नामस्मरण नाही. आणि खरं सांगू का, मला आता पाडवा आला की देवच नकोसा होतो. आधी काय करू ते सांगा. घर, की पारायण?"

"देवच नकोसा होतो" हे वाक्य मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. सणाच्या दमणुकीतून देवाचा कंटाळा येत असेल, तर कुठेतरी क्रम चुकलाय. घर की पारायण हा प्रश्नच मुळात अर्धा आहे. काय आधी, याच्याही आधी कोण आधी, हे विचारायला हवं.

आता श्लोकाकडे या. या श्लोकात शौच कितवं आहे, मोजलंय कधी? पहिलं अमानित्व, म्हणजे मान मिळावा ही हाव नसणं. दुसरं अदंभित्व, म्हणजे देखावा न करणं. तिसरी अहिंसा. चौथी क्षांती, म्हणजे सोसणं, क्षमा. पाचवं आर्जव, सरळपणा. सहावी आचार्यांची उपासना. आणि मग सातव्या जागेवर शौच. टीकाकार या क्रमाचे वेगवेगळे अर्थ लावतील, मी पंडित नाही. पण मला त्यातून एक साधी गोष्ट दिसते. झाडू हातात घेण्यापूर्वी सहा गोष्टी येऊन गेल्यात. आपण सातव्यापासून सुरुवात करतो आणि पहिल्या सहा पायाखाली तुडवत जातो. पाहुण्यांनी घराला नावं ठेवू नयेत म्हणून साफसफाई, इथे पहिलं गेलं. शोकेसच्या काचा तीनदा पुसल्या पण मोरीकडे बघितलं नाही, दुसरं गेलं. दुखऱ्या गुडघ्याचं माणूस स्टुलावर, तिसरं गेलं. चौथ्याचं तर विचारूच नका.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी शौचाला कापराची उपमा दिली आहे. कापूर आतून वेगळा आणि बाहेरून वेगळा नसतो. अंगही तसंच आणि मनही तसंच. पुढे ते उलट बाजू दाखवतात, आणि तिथे माउली चक्क कठोर होतात. आत निर्मळता नसताना बाहेरून धुणं कसं, तर प्रेताला दागिने घालावेत तसं, गाढवाला तीर्थात न्हाऊ घालावं तसं, कडू भोपळ्याला गूळ माखावा तसं. आणि त्यातच एक दृष्टांत येतो जो मला दर पाडव्याला आठवतो : ओसाड घराला बांधलेलं तोरण. माणसंच एकमेकांशी बोलेनाशी झाली, की ते घर राहतं असूनही ओसच, नाही का? त्याच्या दाराला आंब्याची पानं बांधून काय उपयोग?

याचा अर्थ बाहेरची स्वच्छता नको, असा कुणी काढू नका. (आळशी भक्त हा अर्थ फार पटकन काढतात. "दादा, मन साफ असलं की झालं ना?" नाही झालं. बेसिनमधली भांडी मनाने निघत नाहीत.) माउलींनी दोन्ही सांगितलंय. बाहेर कर्माने धुतलेलं, आत ज्ञानाने उजळलेलं.

मग क्रम कसा लावायचा? यासाठी मला पंढरपूरची एक रीत फार जवळची वाटते. आषाढी यात्रेच्या आधी विठोबाचा पलंग काढतात. म्हणजे देवाची झोप बंद. रात्रंदिवस दर्शन सुरू, काकडा नाही, शेजारती नाही. उभं राहून राहून देव दमणार, म्हणून पाठीशी लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या देतात. यात्रा सरली, गर्दी ओसरली, की मग प्रक्षाळपूजा. मंदिर धुतात, देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, पलंग पुन्हा आत येतो आणि रात्री शिणवटा जावा म्हणून देवाला काढ्याचा नैवेद्य दाखवतात. कार्तिकीनंतरही हेच.

जरा थांबून बघा. एवढी मोठी साफसफाई, पण ती पाहुणे येण्याआधी दिपवण्यासाठी नाही. ती पाहुणे गेल्यावर आहे. दमलेल्याला विसावा मिळावा म्हणून आहे. जो अठ्ठावीस युगं उभा आहे असं आपण म्हणतो, त्याचाही थकवा मोजणारी ही परंपरा आहे आपली. आणि आपल्या घरात अठ्ठावीस वर्षं ओट्यापाशी उभी असलेली बाई? तिच्या पाठीशी लोड कोण देणार?

म्हणून त्या मुलीला मी म्हटलं, यादी करायला बस, पण पहिल्या पानावर खोल्या लिहू नकोस. माणसं लिही. आई : गुडघे, उंचावरचं काही नाही, खाली बसून पुसायचं नाही. बसल्या जागी काय ठेवायचं काय काढायचं हे सांगण्याचं काम तिचं, कारण ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. भाऊ : पेपर संपेपर्यंत त्याची खोली सोडून द्या, धूळ आठ दिवस थांबते, परीक्षा थांबत नाही. पण पेपर संपला त्या दिवशी माळा त्याचा. बाबा : पंखे, ट्यूबलाइट, जळमटं. "मी मध्ये पडत नाही" म्हणणाऱ्या पुरुषांसाठी वेगळं निरूपण करायची गरज नाही, गाडगेबाबांचा फोटो पुरे. महाराष्ट्रात झाडूचा मान कुणी वाढवला असेल तर त्या पुरुषाने. १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्म, १९५६ च्या २० डिसेंबरला देह ठेवला, आणि मधली पाच दशकं हातात खराटा. दिवसा गाव झाडायचे, गटारं उपसायचे, आणि रात्री त्याच गावात कीर्तन. आधी खराटा मग टाळ, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही. आणि झाडायला त्यांनी स्वतःचं अंगण निवडलं नाही, दुसऱ्याची वाट निवडली. पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, आपल्या दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, बाहेरगावाहून उपचारांसाठी आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. स्वतःसाठी घर मात्र नाही.

माणसं लिहून झाली की पाणी लिहा. मुंबईत हे कुणी लिहीत नाही आणि मग रविवारी दुपारी बादल्या घेऊन बसतात. नळाला पाणी येतं ठरलेल्या वेळेत. एकाच दिवशी गोधड्या, पडदे आणि जाळ्या काढल्या तर संध्याकाळी स्वयंपाकाला पाणी नाही. दोन रविवार मिळतात, त्यांतला एक धुण्याचा आणि एक फक्त कोरड्या कामांचा ठेवा. वरून खाली या : आधी माळा आणि पंखे, शेवटी फरशी. आणि दिसणाऱ्या जागांच्या आधी न दिसणाऱ्या जागा. मोरीची जाळी, फ्रिजच्या मागची भिंत, सिलिंडरखालची फरशी, पिठाच्या डब्याचं झाकण. आजारपण तिथून येतं, शोकेसमधून नाही. शोकेस सर्वांत शेवटी, वेळ उरला तर. नाही उरला तर पाडवा अडत नाही.

आता माळ्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण खरी कसोटी तिथे आहे. आपल्याकडे मागच्या वर्षीची गुढीची काठीही तिथेच असते, सगळ्याच्या मागे, त्यामुळे माळा काढावाच लागतो. आणि वर बसलेला तरुण मुलगा, मोबाइलवर गाणी लावून, धडाधड सगळं खाली टाकतो. "हे काय करायचंय? रद्दी." थांबा. सार काय आणि असार काय, हे ओळखणं यालाच तर आपण विवेक म्हणतो, आणि तो धूळ नाकात जात असताना वापरायचा असतो.

त्या मुलीच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि लाखो घरांसारखं हेही घर त्यात बसलं. पुढे परळ सुटलं, गोराई आली. पेटीत आजोबांचा तिकीट नंबर असलेलं गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या. गेल्या वर्षी ती पेटी रद्दीच्या ढिगात जाऊन पोचली होती, वजन काट्यावर होण्याआधी आईने ओढून घेतली. गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांच्या घरांच्या योजनेत पात्रता ठरवताना नेमके असेच जुने पुरावे मागतात. ज्याला मुलगा रद्दी म्हणत होता तो त्या घराचा हक्क होता. आणि हक्क बाजूला ठेवा, एका माणसाने कापसाच्या तंतूंत छाती झिजवली त्याची ती एकमेव खूण होती.

म्हणून यादीत माझा आग्रह असा : कागदांना एक पूर्ण संध्याकाळ द्या, आणि ती सुरुवातीला द्या, सगळे ताजेतवाने असताना. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला खुर्चीवर बसवा, पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवा, आणि प्रत्येक कागद त्यांच्या हातात देऊन विचारा. रेशनकार्डाची जुनी प्रत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्मदाखले, म्हाडाची पत्रं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत. ते सांगतील त्या गोष्टी ऐका. दोन तास जातील. त्या दोन तासांत पारायण बुडालं असं वाटून घेऊ नका. आचार्योपासना शौचाच्या एकच पायरी आधी आहे, आणि आईवडील, आजीआजोबा हे आपले पहिले आचार्य.

गेलेल्या माणसाचं कपाट असेल घरात, तर त्याला यादीत तारीख देऊ नका. ते ज्याचं दुःख आहे त्याच्या हाताने, त्याच्या वेळेने उघडू दे. "पाडव्याच्या आत हे रिकामं झालंच पाहिजे" असं कुठल्याही शास्त्रात नाही.

घरकामाला येणाऱ्या मावशींबद्दल एकच सांगतो. त्यांच्याही घरी गुढी असते. जास्तीचं काम सांगायचं तर जास्तीचे पैसे आधी ठरवायचे, आणि पाडव्याच्या दिवशी सुट्टी. यावर चर्चा नको.

आणि जे बाहेर काढलं ते गेलं कुठे? हा प्रश्न विचारायचा अधिकार गोराईकरांना इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे. १९७२ पासून पस्तीसएक वर्षं मुंबईचा कचरा इथे, आपल्या खाडीच्या काठावर पडत होता. सुमारे २० हेक्टर जागा. २००७ मध्ये ते डम्पिंग बंद केलं, ढीग सारखा करून, झाकून, वर माती आणि गवत. आज तिथे हिरवी टेकडी दिसते आणि नव्याने राहायला आलेल्यांना तिच्या पोटात काय आहे ते माहीतही नसतं. कचरा नाहीसा झाला नाही, तो आता कांजूरमार्ग आणि देवनारकडे जातो एवढंच. दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीसमोर. माउलींचा कापूर इथे आठवावा. आपलं घर लखलखीत आणि तिवरांत आपलीच फाटकी गादी, तर आत एक आणि बाहेर एकच झालं की.

फुटकी काच तीन-चार वर्तमानपत्रांत गुंडाळून वर ठळक लिहा. पालिकेच्या ज्या कामगाराचा हात त्या पिशवीत जाणार आहे, त्याच्यासाठी श्लोकातली तिसरी गोष्ट आहे. ओला-सुका वेगळा. बॅटऱ्या, वायरी, बिघडलेले चार्जर वेगळे.

देवांच्या जुन्या तसबिरींचा प्रश्न तर आपणा भक्तांचाच. घरात ठेववत नाही, टाकवत नाही, मग रात्री गुपचूप पिंपळाखाली नेऊन ठेवतो किंवा जेट्टीवरून खाडीत सोडतो. दुसऱ्या दिवशी त्यावर कुत्रं बसलेलं असतं. हे विसर्जन नाही, ही देवाला दिलेली सुट्टी. घरीच नमस्कार करा, फ्रेम उघडा, काच आणि लाकूड वेगळं काढा, ते दुसऱ्या फोटोला वापरा किंवा भंगारात द्या. कागद बादलीत भिजवा, लगदा होऊ द्या, आणि तो कुंडीत किंवा झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळा. मला तरी यात काही अपवित्र वाटत नाही.

देवघर कधी घासायचं, यावर घराघरांत मतभेद आहेत. काही जण म्हणतात सगळ्यांत आधी. मी म्हणतो, शेवटी, आदल्या संध्याकाळी, सगळे घरात असताना. एकाने देव ताम्हणात घ्यावेत, एकाने चिंचेने निरांजन-समई घासावी, एकाने कोरडं करावं. तिरुमलाला उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्याच आधीच्या मंगळवारी असं देऊळ धुतात. मूळ मूर्तीवर वस्त्र झाकतात, बाकीचे देव आणि पूजेचं सामान बाहेर काढतात, भिंती, छत सगळं कापूर-चंदन-हळदीच्या सुगंधी पाण्याने धुऊन काढतात आणि मग पूजा पुन्हा सुरू होते. एवढ्या मोठ्या देवस्थानात त्या वेळापुरतं दर्शन थांबतं, पण त्याला कुणी खंड म्हणत नाही. मग तुमचा एखादा अध्याय वाचायचा राहिला तर इतकं अपराधी कशाला वाटून घ्यायचं? नेम अगदीच सोडू नका, हेही आहेच. या पंधरा दिवसांपुरता तो छोटा करा. रोज पाच ओव्या. लोकलमध्ये बोरिवली ते अंधेरी होतात आरामात. आणि पोचा मारताना तोंड मोकळंच असतं, नाम घ्यायला कुणी अडवलंय?

ती मुलगी काल जिन्यात भेटली. यादी भिंतीला चिकटवली म्हणाली. बाबांनी आपल्या नावापुढचे पंखे वाचून काही न बोलता स्टूल घेतलं. आई मात्र खुर्चीवर बसायला तयार नाही, रात्री लपून ओटा घासते. "तिला कसं बसवू, दादा?" मी म्हटलं, तिच्या शेजारी उभी राहा आणि दुसरं फडकं घे. बोलू नकोस, नुसतं घे. बसेल तेव्हा बसेल.

उद्या याच श्लोकातला पुढचा शब्द घेऊ, स्थैर्य. ज्यांच्याकडे ज्ञानेश्वरी आहे त्यांनी आज रात्री शौचावरच्या ओव्या वाचून ठेवा, आणि पुस्तक काढताना फडताळावरची धूळ पुसून घ्या.

रामकृष्ण हरी.